पहिले तिले इचार

पहिली थप्पड मी त्याच्याच हातची खाल्ली. सुरतेकडे कामरेजजवळच्या तबेल्यात माझा पहिला दिवस. बादली घेतली, थेट म्हशीखाली बसलो आणि गाल लाल झाला.

"पहिले तिले इचार ना भो!" तो गरजला.

सगळे त्याला दादा म्हणायचे. आमच्याच खानदेशातला, धिप्पाड, तोंडाचा फाटका. म्हशीशी मात्र हळू बोलायचा. "काय माय, बसू का?" म्हणत पाठीवर हात फिरवायचा, रेडकाला दोन घोट पिऊ द्यायचा, मग कासेला हात. तुम्ही हसाल, मीही हसलो. पण माझ्या बादलीचा तळ दिसायचा आणि त्याची फेसानं भरायची.

तबेल्यात मारामारी रोजचीच. शेण कुणी काढायचं यावरून डोकी फुटायची. तो दोघांना मानगुटीला धरून फाटकाबाहेर फेकायचा. "मरनं व्हई तर बाहेर मरा! आठे म्हैस दूध चोरस!" भांडणानं म्हैस बिथरते आणि दूध कासेतच अडवून धरते, म्हणून.

एका दुपारी चांदी नावाच्या म्हशीनं लाथेनं बादली सांडली. नव्या गड्यानं लोखंडी सळईनं तिची बरगडी फोडली. दादानं सळई हिसकावली आणि त्याच्याच पाठीत घातली. आम्ही ओढलं नसतं तर मुडदाच पडला असता. खरं सांगतो, मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी तो गडी चौघांना घेऊन आला. त्यांनी दादाला गव्हाणीवर दाबला आणि दगडानं दोन्ही हातांची बोटं ठेचली. म्हशी दावी ताणून ओरडत होत्या. मी पेंडीच्या पोत्यांमागे लपलो होतो. सांगताना अजून लाज वाटते.

बोटं पुन्हा वळलीच नाहीत. बायको येऊन त्याला गावी घेऊन गेली. इकडे चांदीनं दूध चोरायला सुरुवात केली. "दूध केम ओछुं छे?" दूध कमी का, म्हणून तबेल्याचे शेठ रोज किंचाळायचे. शेवटी त्यांनी दूध उतरवायची सुई टोचणारा बोलावला.

त्यानं चांदीची शेपटी पिरगाळली आणि माझं डोकं फिरलं. त्याच्या कानाखाली असा आवाज काढला की सुई शेणात पडली.

"पहिले तिले इचार!"

म्हैस वासानं माणूस ओळखते, हे त्यानंच शिकवलं होतं. त्याचा सदरा अजून खुंटीवर होता, रक्ताच्या डागांसकट. तो अंगात घातला.

"काय माय, बसू का?"

चांदीनं बाही हुंगली, चाटली. थोड्या वेळानं बादलीत धार वाजू लागली.

बादली फेसानं भरली. "देख दादा!" म्हणत मी मागे वळलो. मागे नुसती गव्हाण होती.