शुक्रवार शिकवणाऱ्या बाई

मानकोलीच्या गोदामात दुपारच्या शिफ्टचा माल उतरत होता, तेव्हा पाळकसाहेबांचा फोन आला. "शमुवेल, एस्तेरबाई गेल्या. आज सकाळी. उद्या दफन आहे, हार्मोनियमवर तूच बस." मी "बरं" म्हणालो. पुढे काही विचारलं नाही. पाळकसाहेबांना माझ्या या सवयीची सवय आहे. फोन खिशात टाकला आणि पुढच्या गाडीला मागे घ्यायला हात केला. त्या क्षणी मला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. आता बाई कुणाला काही सांगणार नाहीत, असं मनात येऊन गेलं. ज्या बाईंनी इतक्या वर्षांत एका शब्दाने कुणाला काही सांगितलं नव्हतं, त्यांच्याबद्दल असं वाटावं... हे लिहायला बरं दिसत नाही. पण लिहायचंच ठरवलं आहे, तर सुरुवात इथूनच केलेली बरी.

आमची चर्चची मंडळी लहान आहे. भिवंडीत ख्रिस्ती कुटुंबं थोडीच, बरीचशी नगरकडून कामासाठी आलेली. एस्तेरबाईंचे यजमान कामतघरला एका कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग, लूम, दुरुस्त करणारे. ते लवकर वारले. मूलबाळ नव्हतं. बाई नगरपालिकेच्या शाळेत शिकवायच्या आणि रविवारी चर्चमागच्या खोलीत मुलांची शब्बाथ शाळा घ्यायच्या. अर्धी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे मिशा पांढऱ्या झालेली माणसंही त्यांना "सलाम बाई" म्हणताना नकळत हात मागे बांधायची. मला त्या नेहमी म्हणायच्या, "शमू, तुझी पेटी आणि तुझं तोंड, दोन्ही रविवारीच उघडतात. पेटीतून निदान सूर तरी निघतो."

शिकवण्यासाठी त्यांच्याकडे बॉबिन होते. लूमवरचे जुने, लाकडी, सूत संपलेले. यजमानांनी आणून दिलेले. त्यावर चिंध्या गुंडाळून त्यांनी सगळं शास्त्र उभं केलं होतं. निळ्या चिंधीची मरिया, तपकिरी पेत्र, लाल काठाचा पिलात, येशूला दगा देणारा यहूदा. ज्या मुलांच्या घराशेजारी दिवसरात्र लूम खडखडत असतात, त्यांना या माणसांची ओळख करून द्यावी लागत नसे. मुलं काहीही विचारायची, कामतघरच्या हिंदीमराठी मिसळीत. "बाई, यहूदाका बॉबिन तुटेला क्यों है?" "तुटकाच मिळाला." "तो फेक दो ना!" "तुटके फेकायला लागले, तर मंडळीत उरेल कोण?" एकाने एकदा विचारलं होतं, "येशूला पोस्टमॉर्टेमला नेलं का?" त्याचे वडील रुग्णवाहिका चालवायचे. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही रे. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मारलं होतं. मग तपासायचं काय?"

ईस्टर, म्हणजे येशू उठला तो रविवार, सगळेच शिकवतात. बाई शुक्रवार शिकवायच्या. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी आम्ही मोठी माणसं उपासनेत बसतो, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलतो, मधे गाणी होतात. ती तीन तासांची उपासना लहान मुलांना सोसत नाही, म्हणून मुलं मागच्या खोलीत बाईंकडे. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद असतात, त्यामुळे त्या दिवशी गाव एरवीपेक्षा गप्प असतं आणि मागच्या खोलीतलं सगळं पुढे ऐकू येतं. बाई गोष्ट सांगत सांगत मरणापर्यंत आणायच्या. तिथे थांबायच्या. मग पांढऱ्या कोऱ्या कापडात येशूचा बॉबिन गुंडाळायच्या आणि सगळ्या मुलांपुढे फिरवायच्या. "हात लावा. मेलेल्या माणसाला हात लावायला घाबरायचं नाही. ज्यांचं प्रेम होतं, त्यांनीच त्याला हात लावला." प्रत्येकाने हात लावल्यावर बॉबिन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचा. झाकण लागायचं आणि वर्ग सुटायचा. "पुढे काय झालं, बाई?" "पुढे आज काही नाही. आज तो मेला. घरी जा, सावकाश." शनिवारी डबा तसाच असायचा. रविवारी पहाटे मुलांनी झाकण काढायचं आणि आत नुसतं कापड.

माझे वडील वारले ते असंच ईस्टरआधीच्या उपवासकाळात. माझी मुलगी नोमी तेव्हा पहिलीत होती. आजोबांची फार लाडकी. ते आजारी होते आणि शेवटी शेवटी त्यांचा चेहरा इतका बदलला होता की पोरगी घाबरेल, असं मी ठरवलं. मीच ठरवलं, कुणाला विचारलं नाही. तिला खारबावला तिच्या मामाकडे पाठवून दिलं. सगळं आटोपल्यावर परत आणलं. तिने आल्या आल्या विचारलं, "आजोबा कुठेत?" मी म्हणालो, "गावी गेलेत." नंतर सांगू, असं मनात होतं. नंतर म्हणजे कधी, ते ठरवलं नव्हतं. बायकोला, मंगलला, ते पटलं नव्हतं. ती एकदा म्हणाली, "पोरगी रोज दारात जाऊन बघते हो." मी उठून बाहेर गेलो. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तंबी दिली होती. एस्तेरबाईंना सांगायचं मात्र सुचलं नाही.

त्या शुक्रवारी मी पेटीवर होतो. एका उद्गारानंतरचं गाणं नुकतं धरलं होतं आणि मागच्या खोलीतून रडणं ऐकू आलं. आपलं मूल कुठल्याही गर्दीत ओळखू येतं. मी ओळखलं. कडवं पुरं केलं, दुसरं वाजवलं. उठलो नाही. तोवर मंगल धावली होती.

काय झालं ते तिने घरी सांगितलं. नोमीने बॉबिनला हात लावला होता, अजिबात न घाबरता. मग विचारलं, "ह्याला कुठे ठेवणार?" बाई म्हणाल्या, "कबरीत. तुझ्या आजोबांना ठेवलं ना, तसं." नोमी म्हणाली, "माझे आजोबा गावी गेलेत. पप्पा म्हणाले." यावर शेजारचा पोरगा, आमच्याच चाळीतला, म्हणाला, "न्हाय काय! तुझा आजोबा मेला. मी बघितला, खड्ड्यात ठेवला." उपासना सुटल्यावर बाई दारात माझी वाट बघत उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "शमू, मला ठाऊक नव्हतं रे. चूक झाली. पण आता तिला घरी नेऊन खरं सांग. आजच्या आज." मी मान हलवली. नोमीला घरी नेलं, कुल्फी घेऊन दिली आणि सांगितलं, तो मुलगा खोटं बोलतो.

ती जेवेना. झोपेत दचकून उठायची. चार लोक विचारू लागले, पोरीला काय झालं? आणि मला उत्तर सापडलं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. मी, जो कमिटीत कधी तोंड उघडत नसे. म्हणालो, एवढ्या लहान मुलांना मढ्याला हात लावायचा खेळ शिकवणं बरं नाही, माझी मुलगी घाबरली आहे. बाकीच्यांनी उचलून धरलं. कुणाचा मुलगा अंधारात जात नव्हता, कुणाच्या सुनेला ते कापड बघवत नव्हतं. बाई समोरच बसल्या होत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काही सांगायचंय?" त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. या माणसाने पोरीला खोटं सांगितलंय, एवढंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. म्हणाल्या, "मूल रडलं, हे खरं आहे." तेवढंच.

ठराव झाला: लहान वर्गाला यापुढे शुक्रवार शिकवायचा नाही, ईस्टरच तेवढा शिकवायचा. बाई उठल्या. "मेलाच नाही, तर उठला कुठून? झोपेतून?" त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. मग पाळकसाहेबांना म्हणाल्या, "मला अर्धी गोष्ट सांगता येत नाही. वर्ग दुसऱ्या कुणाला द्या." त्यांच्या जागी एक तरुण मुलगी आली. ती अंडी रंगवून घेते, कागदाचे ससे करून घेते. मुलं खूश असतात. तिची काही चूक नाही. बाई वेदीवरच्या फुलांची व्यवस्था बघू लागल्या. मुलांना मागच्या खोलीकडे जाताना बघायच्या आणि परत फुलांकडे वळायच्या. त्यांच्याकडून काय काढून घेतलं, हे मला त्या बघण्यावरून कळायचं. मी पेटीचा भाता उगाच पुसत बसायचो.

त्यांनी मला टाकून बोलावं, असं मला पुष्कळदा वाटायचं. तसं कधी झालं नाही. "सलाम बाई." "सलाम शमू. नोमी बरी?" "बरी आहे." इतकंच. नोमी आजोबांबद्दल विचारायची थांबली. का थांबली, हे मी विचारलं नाही. मोठी झाली, आपोआप कळलं असेल, असं धरून चाललो. आमच्या घरात तो विषय पुन्हा निघालाच नाही.

गेल्या नाताळात मी करंज्यांचा डबा घेऊन बाईंकडे गेलो. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. त्या खूप बारीक झाल्या होत्या, पण जीभ शाबूत होती. "कमिटीत सध्या कोण कोण? सगळे जागे असतात ना?" मी हसलो. मग म्हणालो, "बाई, तेव्हा मी..." त्या थांबल्या. वाट बघत होत्या, हे मला आता कळतं. खालच्या कारखान्यातले लूम चालू होते, जमीन बारीक थरथरत होती. मी म्हणालो, "तेव्हा मी तुमच्याकडे करंज्या आणायला विसरलो होतो, मागच्या वर्षी." बाईंनी कप माझ्याकडे सरकवला. "चहा गार होतोय," म्हणाल्या.

त्यांच्या दफनाला नोमी आली होती. ती आता ठाण्याला नर्स आहे, ड्युटी बदलून आली. माती लोटून झाली, लोक पांगले. मी बघतो तर ती फाटकाकडे जायच्या ऐवजी भिंतीकडच्या रांगेत शिरली आणि माझ्या वडिलांच्या कबरीशी जाऊन उभी राहिली. न शोधता. मी तिला तिथे कधीच नेलं नव्हतं. मी स्वतःही फारसा जात नाही.

"तुला कसं ठाऊक?" मी विचारलं.

"बाईंनी आणलं होतं ना. त्याच वर्षी, त्या शुक्रवारच्या दुसऱ्याच दिवशी. मम्मीने पाठवलं होतं मला त्यांच्याबरोबर." तिने सहज सांगितलं. "मग दरवर्षी यायचो आम्ही, ईस्टरच्या आदल्या शनिवारी. त्यांच्या मिस्टरांची कबर धुवायची, मग आजोबांची."

"मला सांगू नको म्हणाल्या?"

"त्या कशाला म्हणतील? मीच नाही सांगितलं. तुम्ही रडाल, असं वाटायचं." तिने कबरीवरचा पाला बाजूला केला. "तुम्हाला वाटत होतं ना, मला माहीत नाही म्हणून. तुम्हाला त्यात बरं वाटत होतं."

त्या रविवारी उपासनेनंतर मी कमिटीला उभं राहून हे सगळं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, झालं गेलं, बाई आता प्रभूजवळ आहेत. कुणी रागावलं नाही. रागावायला हवं होतं, असं मला वाटलं. ठराव रद्द झाला, पण शुक्रवारचा वर्ग घ्यायला कुणी पुढे येईना, आणि माझ्याकडे बघून "तूच घे" असंही कुणी म्हणालं नाही. मीही हात वर केला नाही. तेवढा हक्क मला आहे, असं वाटत नाही.

यंदा ईस्टरच्या आदल्या शनिवारी सकाळी नोमी प्लास्टिकची बादली आणि झाडू घेऊन दारात उभी राहिली. "येता का?" म्हणाली. मी चप्पल घातली. आता तिथे तीन कबरी धुवायच्या होत्या. बाईंची अजून कच्ची माती होती, तिच्यावर तिने नुसतं पाणी शिंपडलं. पलीकडे आठवड्याचा खडखडाट पुन्हा सुरू झाला होता. मी विचारलं, "इथे आणून बाई तुला काय सांगायच्या?"

"काही नाही. काम करायला लावायच्या. पहिल्या वर्षी मी म्हणाले, आजोबा उद्या उठणार का? म्हणाल्या, उद्या नाही. मग मी त्यांच्या मांडीवर रडले, आणि मग आम्ही वडापाव खाल्ला."

ती माझ्या वडिलांच्या कबरीचा दगड घासत होती. पाठमोरीच म्हणाली, "पप्पा, आजोबा कसे गेले? मला कुणी धड सांगितलंच नाही. बाईंनाही ठाऊक नव्हतं."

मी सांगायला लागलो. सकाळपासून श्वास कसा लागला होता ते, डॉक्टर काय म्हणाले ते, त्यांचे पाय मी कसे चोळत होतो ते. तिने दोनतीनदा मधेच विचारलं, नर्स विचारते तसं. मग विचारलं, "माझं नाव काढलं होतं का?"

नाही म्हणता आलं असतं.

"काढलं होतं," मी म्हणालो. "बऱ्याचदा. तू तेव्हा बाहेर गॅलरीतच खेळत होतीस, मामा यायचा होता. ते हाका मारत होते. मी दाराला कडी लावली."

तिचा हात थांबला. दगडावरून पाणी ओघळत राहिलं. मग तिने ओले हात ओढणीला पुसले, कबरीच्या कट्ट्यावर बसली आणि थोडी सरकून माझ्यासाठी जागा केली.