घंटेच्या कमानीतलं मोहोळ

अंजनगाव सुर्जीच्या एका लहानशा चर्चमध्ये दिवाळीपासून होळीपर्यंत घंटा वाजत नाही. घंटेच्या कमानीत दरवर्षी आग्यामोहोळ बसतं आणि घंटा हलली की माशा खवळतात. मग पोळं जाळत का नाही, असं पाहुणे विचारतात. त्याचं कारण मोतीराम.

मोतीराम तिथला घंटावाला. कमिटीनं एकदा पोळं जाळायचं ठरवलं, तेव्हा हा कधी न बोलणारा म्हातारा भर सभेत उभा राहिला. "नोहाच्या तारवात माशीलेही जागा होती," तो म्हणाला, "अन् आपण तिले देवाच्या घरातून काढून राहिलो. लोकाइले बोलवाचंच हाये ना? मी दारोदार फिरतो."

तेव्हापासून रविवारी सकाळी तो कड्या वाजवत फिरतो. आळशी मंडळींची पंचाईत झाली, कारण घंटा ऐकली नाही असं म्हणता येतं, दारात उभ्या मोतीरामला काय सांगणार? हळूहळू सगळ्यांनाच त्या माशांचा लळा लागला. महिला मंडळानं त्यांच्यासाठी कुंपणाला झेंडू लावला. माशा बुडू नयेत म्हणून विहिरीजवळच्या दगडी कुंडात खडे टाकले आणि रविवारच्या शाळेतली पोरं ते रोज काठोकाठ भरू लागली. जाळा म्हणणारेच आता पाहुण्यांना 'आमच्या माशा' दाखवत होते. माणसाची जातच तशी.

या जानेवारीत मोतीरामची नात आकांक्षा हिचं लग्न निघालं. मुलगा अकोल्याचा. नवऱ्या मुलाचे काका वामनराव हटून बसले. "चर्चमंधी लगन अन् घंटा नाई? दोन टोले तं पायजेच." मुलीची बाजू नमली, पाळकसाहेबही नमले. माशा मांडवावर उतरल्या तर बायापोरांना फोडून काढतील आणि दुसऱ्या दिवशी हीच कमिटी हातात पलिते घेऊन उभी राहील, हे मोतीरामला मात्र ठाऊक होतं.

लग्नाच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, त्याला आवारात उग्र वास आला. पलीकडच्या हरभऱ्यावर फवारा चालला असेल, असं तो धरून चालला. सकाळी कुंडाजवळ दोन साळुंक्या मरून पडल्या होत्या. मांजराचं काम म्हणावं, तर एकीचंही पीस उपटलेलं नव्हतं. त्याला ते बरं वाटलं नाही. पण घर पाहुण्यांनी भरलेलं, सांगणार कोणाला? त्यानं त्या मुकाट्यानं पुरल्या.

लग्न लागलं. बायांनी पोरांना पदराखाली घेतलं, पुरुषांनी डोक्यावर उपरणी ओढली. मोतीरामनं मनात प्रार्थना केली आणि दोर ओढला. टोला पडला. काहीच झालं नाही. दुसरा पडला, तरी काही नाही.

"कुठी हायेत तुमच्या माशा?" वामनराव हसले आणि त्यांच्यासोबत सगळा मांडव हसला. मोतीरामनं मान वर केली. कमानीत काळी झूल असायची, सतत हलणारी. आता नुसतं पिवळं, उघडं पोळं लटकत होतं. खाली, कमानीकडे चढणाऱ्या जिन्यात माशांचा थर साचला होता आणि त्यातल्या काहींचे पाय अजून हलत होते.

मागून त्याचा मुलगा धर्मेंद्र आला, आकांक्षाचा बाप. त्याचा चेहरा उतरला होता.

"बाबा, झेंडूले अळी लागली होती. हाराले फुलं चांगली पायजेत म्हून परवा जरासं औषध मारलं."

आमच्याकडे विषाला औषध म्हणतात, आणि मग बाप लेकीच्या लग्नासाठी ते हौसेनं मारतो. काय बोलावं?

"फवाऱ्याचा पंप कुठी धुतला?" मोतीरामनं विचारलं.

धर्मेंद्रनं कुंडाकडे बोट केलं.

कुंडाशी अकोल्याची पोरं पाकळ्या सोडत बसली होती. मोतीराम या वयात धावला आणि त्यानं एकेकाला दंडाला धरून मागे ओढलं. पाणी कोणी प्यायलं नाही, असं मोठ्या पोरीनं तीनतीनदा सांगितलं, तेव्हा कुठे त्याला हायसं वाटलं. कुंड उलटं करायला तो वाकला आणि तसाच थांबला. काठावरून सांडलेल्या पाण्याचा पांढुरका ओघळ मातीत वाळला होता. तो उतारानं सरळ विहिरीच्या फुटक्या कठड्यापर्यंत गेला होता.

"आबाजी, जेवाले चला," आकांक्षा हार सावरत आली. "पंगत बसली. सासरचे तुमच्यासाठी थांबून राहिले."

"सैपाकाले पाणी कुठलं घेतलं, बाई?"

"इथलंच, विहिरीचं. काहून?"

मोतीरामनं तिचा हात घट्ट धरला.

"पंगत उठव," तो म्हणाला. "कोणाले घास घेऊ देऊ नको."