हात लावू नये, हुकमावरून

सेनगावात कॉम्प्युटरचे जाणकार म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांत मी पहिल्या तिघांत मोडतो. जाणकार एकूण तीनच आहेत.

इथल्या एका शाळेत मी वीस वर्षं कॉम्प्युटर शिकवतो. शिकवतो म्हणजे मुख्यतः सूचना लावतो. ‘चपला बाहेर काढाव्यात.’ ‘विचारल्याशिवाय बटण दाबू नये.’ खाली ‘हुकमावरून’ आणि माझी सही. ही सवय हळूहळू घरी आली. फ्रिजवर सूचना आहे, पाण्याच्या मोटारीच्या बटणावर आहे, कोठीच्या दारावर तर दोन आहेत. आमच्या घरात सूचना नाही अशी जागा म्हणजे छत, कारण तिथं माझा हात पोचत नाही.

“आमी घरात राहून राहिलो का कचेरीत, तेच कळंना,” असं सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणते. पण पाळते सगळ्या. मास्तराच्या घरात लिहिलेलं पाळलं जातं, याचा मला फार अभिमान होता. (होता.)

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या पल्लवीला पुण्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून मुलाखतीचं बोलावणं आलं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. होऊन पोरगी दोन वर्षं अर्ज करत होती, आणि हे पहिलंच बोलावणं. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर. मोबाईल चालणार नव्हता. कॉम्प्युटरच हवा, त्याला कॅमेरा हवा, कारण मध्येच स्क्रीनवर एक लेखी परीक्षाही होती. वेळ चुकली तर नाव बाद.

“पप्पा, मी हिंगोलीला मामाकडं जाते,” पल्लवी म्हणाली. “त्याच्या लॅपटॉपवरून देते.”

“कॉम्प्युटरच्या सरांची पोरगी मुलाखत द्यायला दुसऱ्याच्या घरी जाणार? लोक काय म्हणतील?”

“लोकांला कोण सांगणार हाय?” सुनंदा म्हणाली.

“सांगायची गरज न्हाई. लोकांला कळतंच.”

(कळलं नसतं तर मीच कुणाला तरी सांगितलं असतं.)

मंगळवारी मी नवा कोरा कॅमेरा आणून लावला. आमच्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, कारण विंडोजला व्हायरस लागतो हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलंय की आता माघार घेता येत नाही. लिनक्सच्या पोटात कर्नल नावाची एक चीज असते. कर्नल म्हणजे शाळेतला शिपाई समजा. कुलूप तो उघडतो, घंटा तो वाजवतो, आलेल्या पाहुण्याला ओळखून आत तो घेतो. मुख्याध्यापक नुसती सही करतो. तर आमच्या शिपायानं नव्या कॅमेऱ्याला ओळखच दाखवली नाही. बघितलं तर कर्नल सात-आठ वर्षांचा जुना.

एवढंच ना, म्हटलं. नवा कर्नल उतरवून घेतला, मशीन बंद करून चालू केलं. आला तो जुनाच. पुन्हा बसवला, पुन्हा चालू केलं. पुन्हा जुनाच. असं सात वेळा झालं. प्रत्येक वेळी मशीन मला सांगायचं की नवा कर्नल व्यवस्थित बसला आहे, आणि प्रत्येक वेळी घंटा वाजवायला जुनाच हजर.

सुनंदा चहा घेऊन आली. टेबल भिंतीला लागून आहे. तिनं कप ठेवता ठेवता मागं वाकून बघितलं.

“अहो, मागं ते काळ्या पट्टीनं गुंडाळलेलं काय हाय?”

“तिकडं बघू नको. महत्त्वाचं हाय ते.”

“काय हाय पण?”

“तुला कळायचं न्हाई.”

खरं सांगायचं तर, तिथं काहीतरी महत्त्वाचं आहे एवढं मला आठवत होतं. काय, ते आठवत नव्हतं.

बुधवारी मी चिडलो आणि जुना कर्नल सरळ पुसून टाकला. राहणारच नाही तर येणार कुठून? मशीन चालू केलं. आला. तोच. वीस वर्षांत मला एवढी भीती फक्त एकदाच वाटली होती, तपासणीला साहेब न सांगता आले तेव्हा. ज्याला मी निवृत्त करून, हजेरीपटावरून नाव खोडून टाकलं होतं, तो सकाळी येऊन कुलूप उघडत होता! आणि आता त्याची निम्मी हत्यारं माझ्या हातानं गेलेली, त्यामुळं माऊस बंद, स्पीकर बंद, इंटरनेटही बंद.

“काल निस्ता कॅमेरा बंद होता,” सुनंदा म्हणाली. “लई काम केलं की तुमी.”

“पप्पा, दुसऱ्या कुणाला विचारायचं का?” पल्लवीनं हळूच सुचवलं.

दुसरा जाणकार आमच्याच गल्लीत राहतो. पण दुसऱ्याला विचारलं की पहिला तो होतो. मी नाही म्हटलं.

गुरुवारी शाळेतून रजा काढली. (कारण लिहिलं, ‘घरगुती आजार’. आजारी कोण, ते लिहिलं नाही.) पुसलेलं परत बसवलं, माऊस जिवंत झाला, इंटरनेट आलं. म्हणजे दोन दिवस राबून मी बरोबर मंगळवारी सकाळी होतो तिथं येऊन पोचलो. घरात कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. पल्लवी कोपऱ्यात बसून परीक्षेची टिपणं वाचत होती. वाचता वाचता अधूनमधून माझ्याकडं बघायची. ते बघणं मला अजून आठवतं. तिला रागवायचं होतं, आणि ती रागवत नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती पिशवी भरून, नीट इस्त्रीचा ड्रेस घालून उभी राहिली. हिंगोलीला जाणारी जीप साडेआठला सुटते.

“पाच मिनिटं थांब,” मी म्हटलं. “सापडलंय मला.”

“खरंच सापडलंय?”

“बराबर सापडलंय.”

काहीही सापडलेलं नव्हतं. जीप गेली. पुढची कधी सुटेल याचा भरवसा नव्हता. सीट भरल्याशिवाय ती हलत नाही. दहा वाजले तरी पडद्यावर जुनाच कर्नल. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तीन दिवस मी पोरीची मुलाखत दुरुस्त करत नव्हतो, माझं नाव दुरुस्त करत होतो. हे कळायला जीप जावी लागली.

आमचे वडील, अण्णा, दारातल्या खुर्चीत सुपारी कातरत बसले होते. एसटीच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होते. कॉम्प्युटरला त्यांनी आजवर बोटही लावलेलं नाही, कारण त्यावर तशी सूचना आहे.

“बाळ्या,” ते म्हणाले, “तुझी ही गाडी सुटते कोणत्या डेपोतून?”

“अण्णा, आता न्हाई. डोकं चालंना माझं.”

“म्हणून तर इचारून राहिलो. तीन दिवस झाले, तू पाटी बदलून राहिला. सेनगावची काढली, पुण्याची लावली. गाडी ज्या डेपोतून निघते तिथं काई कळवलं का? त्याहिले तर जुन्याच रूटचा हुकूम हाय.”

मी कीबोर्डवरचा हात काढून त्यांच्याकडं वळलो.

“आन् काहून रे, मागं ते काय खुपसलेलं हाय? सुनबाई म्हणत व्हती.”

“तिथं न्हाई बघायचं, अण्णा. हात लावू नये असं लिहिलंय.”

“कोणी लिहिलं?”

सुनंदा माझ्याकडं बघत होती. पल्लवीनंही भिंतीकडून तोंड फिरवलं. मी टेबल ओढलं, मागं गेलो आणि वाकलो. काळ्या चिकटपट्टीत गच्च गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह. त्यावर कागद: ‘हात लावू नये. हुकमावरून.’ खाली सही. सही माझी.

मग सगळं आठवलं. आठ वर्षांपूर्वी आमची जुनी डिस्क आपली आपण चालू होईना, म्हणून मशीन सुरू करायचं काम मी या पेनड्राइव्हवर सोपवलं होतं. कर्नलही त्याच्यातच. झाडताना कुणी उपसू नये म्हणून पट्टी, आणि पट्टी कुणी काढू नये म्हणून सूचना. पुढं नवी डिस्क आणली, तिला या काठीची गरज उरली नाही, पण काठी उपसायची राहून गेली. मी रोज नवे कर्नल डिस्कवर बसवत होतो आणि मशीन इमानेइतबारे या मागच्या शिपायाला उठवत होतं. आठ वर्षांत सुनंदानं तिथली धूळ पुसली ती सुद्धा त्याच्या भोवतीनं. घरात सूचना सगळ्यांनी पाळली, आणि सगळ्यांत जास्त मी.

पेनड्राइव्ह उपसला. मशीन चालू केलं. नवा कर्नल आला, कॅमेऱ्याचा हिरवा दिवा लागला, पडद्यावर पल्लवीचं तोंड दिसलं. रडलेलं होतं, पण दिसलं. साडेदहा वाजले होते.

“सुटली गाडी,” अण्णा म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली.

नोकरी लागली. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवट माझ्याबद्दल आहे आणि तो तितकासा चांगला नाही.

आमच्या टेबलाखालचा सॉकेट ढिला आहे. मुलाखत चालू असताना मशीन बंद पडू नये म्हणून मी टेबलाखाली शिरून पिन दाबून बसलो. वरून आवाज येत होते. मुलाखत घेणाऱ्या बाई मराठीच निघाल्या. त्यांनी विचारलं, “एखादी अडचण आली आणि तुम्ही तिच्या मुळापर्यंत गेलात, असा एखादा प्रसंग सांगा.”

पल्लवीनं सांगितला. ताजाच होता. एकही तपशील गाळला नाही. पलीकडं तीन-चार माणसं खदखदून हसली.

“म्हणजे तुमच्या घरी कॉम्प्युटरमधलं कळणारं कुणीतरी आहे,” बाई म्हणाल्या.

“हो, आजोबा आहेत ना. एसटीत मेकॅनिक होते.”

“आणि वडील?”

पोरगी खोटं बोलत नाही.

“वडील सूचना लिहितात,” ती म्हणाली.

तेव्हा पिन सोडून द्यावी असं मला क्षणभर वाटलं. पण सॉकेटच्या वर, माझ्या नाकासमोर, एक पिवळा पडलेला कागद होता: ‘पिन दाबून धरावी. हात काढू नये. हुकमावरून.’ मी काढला नाही.