साडेसहा नंबरचा हातमोजा

"अठरा वर्षे शवविच्छेदनाचा अनुभव."

साहेबांनी माझ्या अर्जातली ओळ मोठ्यानं वाचली आणि खुर्चीत मागं रेलून हसले. शेजारी क्लार्क होता, दोन नर्स होत्या, कसल्या तरी कागदासाठी आलेला हवालदार होता. सगळे हसले. अर्ज साहेबांनी दोन बोटांच्या चिमटीत धरला होता. माझ्या हातून गेलेला कागद ते कायम तसाच धरतात.

"मावशी, मग मी काय करतो इथं? चहा पितो?"

परत हसू.

मी म्हणाले, "मी खोटं काय लिवलंय साहेब? कापतो मी, उघडतो मी, शिवतो मी."

"कापतो मी!" साहेबांनी माझा आवाज काढला. "अहो, बाईमाणसानं कापते म्हणावं."

डॉक्टरसाहेब पुण्याचे. आमच्याकडं बायका करतो-जातोच म्हणतात, हे त्यांना सहा वर्षांत कळलं नाही. त्यांनी अर्ज टेबलावरून माझ्याकडं ढकलला. हातात दिला नाही. तो सरकत कडेला आला आणि खाली पडला. मी वाकून उचलला.

मी सरकारी दवाखान्यात पोस्टमार्टेमच्या खोलीत काम करते. कोल्हापूरपासून फार लांब नाही. आधी हे काम माझा नवरा करायचा, त्याच्याआधी सासरा. आमच्या जातीशिवाय दुसरं कोणी त्या खोलीत सुरी धरायला शिरलेलं मी पाहिलेलं नाही. कुठं तसं लिहिलेलं नसतं, पण माणूस बरोबर आमच्याच वस्तीतून नेतात. नवरा पिऊन आत जायचा. शुद्धीत हे काम होत नाही म्हणायचा. पिऊन पिऊनच गेला. पोरगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्याचे दिवस व्हायच्या आतच ठेकेदार दारात उभा. "करतीस का?" मी दहावी पास होते. दुसरं काही काम आहे का विचारलं. म्हणाला, "हेच हाय."

मी कधी प्याले नाही. पहिल्या दिवशी ओकले. दुसऱ्या दिवशी पण ओकले. मग शिकले.

आमच्याकडची पद्धत सांगते. कायद्यानं शव डॉक्टरनं उघडायचं. पण साहेब उंबऱ्यावर थांबतात. नाकाला रुमाल, हातात पॅड. मी आत. मी उघडते आणि बोलते, ते लिहितात. "लिव्हर फाटलंय. फुप्फुसात पाणी न्हाय. पोटात भात हाय." साहेब त्याचं इंग्रजी करतात आणि खाली सही करतात. या साहेबांच्या आधीचे साहेबही उंबऱ्यावरच थांबायचे. त्यांच्या आधीचेही.

एकदा विहिरीतून काढलेली एक सून आणली. सासरचे म्हणत होते पाय घसरला. साहेबांनी बुडून मृत्यू असं लिहायला घेतलंही होतं. मी तिचे केस बाजूला केले आणि म्हणाले, "साहेब, जरा हितं या. कानामागं वळ हाय." ते आले नाहीत. उंबऱ्यावरूनच विचारलं, "किती लांब आहे?" मी बोटानं मोजून सांगितलं. पुढं नवऱ्याला अटक झाली. पेपरात बातमी आली, डॉक्टरांच्या चाणाक्ष नजरेमुळं खुनाला वाचा फुटली म्हणून. ती बातमी मी कापून ठेवली. ट्रंकेत पोरीच्या दाखल्याशेजारी आहे.

आणि मग सरकारी मेडिकल कॉलेज मंजूर झालं. आमच्याच दवाखान्याला जोडून. सरकारनं निधी दिला म्हणून गेटवर हलगी वाजली, फटाक्यांच्या माळा लागल्या. मांडवात भाषण झालं, "पुरोगामी कोल्हापूरच्या गोरगरिबांची पोरं आता इथंच डॉक्टर होणार!" मी मागं उभी राहून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, अगदी मनापासून वाजवल्या. पेढे वाटले. माझा पेढा क्लार्कनं कागदावर घालून कट्ट्यावर ठेवला आणि लांबूनच खुणावलं. मी तो खाल्ला. गोड होता.

नव्या इमारतीचा नकाशा दवाखान्याच्या दारातच लावला होता. मी रोज बघायचे. कमान, सभागृह, वसतिगृह. आणि एका कोपऱ्यात शवविच्छेदन कक्ष. मोठ्या खिडक्या, आत नळ. नळ! आमच्या खोलीत आजपर्यंत पाणी नाही. बाहेरच्या नळावरून मी बादल्या आणते. प्रत्येक शवाला चार तरी लागतात. त्या नकाशातल्या नळावर मी रोज बोट ठेवायचे आणि मग कामाला लागायचे.

कॉलेजसाठी जागा निघाल्या. त्यात एक जागा त्याच कक्षातल्या मदतनीसाची. कायमची. शिक्षण दहावी, अनुभव असलेल्याला प्राधान्य, त्याचं प्रमाणपत्र साहेबांच्या सहीनं जोडायचं. पोरीनं मोबाईलवर वाचून दाखवलं आणि म्हणाली, "आई, ही तुझीच जागा हाय की!" तिनं विचारलं, "काम काय काय करतीस, नेमकं सांग." मी सांगितलं, तिनं लिहिलं. तीच आमची चूक. आम्ही खरं लिहिलं.

कारण कागदावर मी सफाई कामगार आहे. माझा अनुभव खरा धरला तर साहेबांच्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात. त्या दिवशी हसणं आटोपल्यावर साहेब समजुतीनं म्हणाले, "हे बघ मावशी, मी प्रमाणपत्र देतो. चांगलं देतो. अठरा वर्षं झाडलोट, वर्तणूक उत्तम. बस?" क्लार्कनं टाईप केलं. साहेबांनी सही केली, शिक्का मारला.

त्या कागदावर मला जागा मिळणार नव्हती. झाडणाऱ्या बाईला शवविच्छेदन कक्षात कोण घेणार? तरी मी तो घेतला. घडी घातली, पिशवीत ठेवला, वर "उपकार झालं साहेब" असंही म्हणाले. अठरा वर्षांची सवय तोंडाला लागली होती.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले असताना कॉलेजची पाहणी करायला समिती आली. ती खूश झाली तरच निधीचा पुढचा हप्ता सुटणार, असं सगळे बोलत होते. दवाखाना धुऊन काढला. आमच्या खोलीलाही पहिल्यांदाच चुना लागला. मला सांगितलं, आज दाराशी झाडू घेऊन उभी राहा, आत यायचं नाही. मी उभी राहिले.

साहेब समितीला घेऊन आले. त्या दिवशी उंबरा ओलांडून आत गेले. टेबलावर हात ठेवून इंग्रजी-मराठीत बोलत होते. "शवविच्छेदन मी स्वतः करतो. मदतीला माणूस नाही. कॉलेज सुरू झालं की निधीतून प्रशिक्षित माणूस भरू."

समितीतल्या एका पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, किती वर्षं आहात इथं?"

"अठरा."

"झाडलोट करता?"

साहेब माझ्याकडं बघत होते.

"व्हय," मी म्हणाले.

बाई पुढं गेल्या. अर्ज वाचून साहेब हसले त्याची मला लाज वाटली नव्हती, राग आला होता. पण या 'व्हय'ची लाज वाटली. अजून वाटते. माझ्याच तोंडानं मी मला पुसून टाकलं होतं.

समिती मुख्य इमारतीत जेवायला बसली आणि गाडी आली. कागल पंचतारांकित एमआयडीसीत काम करणारा माणूस, पत्र्याच्या शेडवरून पडून गेलेला. बरोबर धाकटा भाऊ. गडहिंग्लजच्याही पलीकडचा, बोलण्यात कानडी हेल. "अक्का, माझा अण्णा हाय," एवढंच म्हणाला आणि चिंचेखाली बसला.

हवालदारानं कागद दिले. साहेब घाईनं आले. रुमाल काढला आणि उंबऱ्यावर थांबले. "चल मावशी, आटप. समिती अजून आहे."

मी कोपऱ्यातला झाडू उचलला. टेबलाखालून झाडलं, दारापर्यंत केर आणला. साहेबांना पाय मागं घ्यावा लागला.

"हे काय चाललंय?"

"झाडून झालं साहेब. माझं काम झालं."

"चेष्टा करतेस?"

मी पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. "ह्यात झाडलोट लिवलंय. खाली सही तुमचीच हाय न्हवं? मगाशी पावण्यांनी इचारलं, मी पण व्हय म्हणालो. मग सुरी तुमची. या आत."

आधी साहेब ओरडले. मग आवाज खाली आला, कारण समिती ऐकेल. मग म्हणाले, "बाहेर त्याचा भाऊ बसलाय, त्याचा तरी विचार कर." हे मला लागलं. मी बाहेर गेले आणि त्या भावाला जे होतं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चिडला नाही.

"आजपतोर कोण करत हुतं?"

"मी."

"आणि आज सायेब?"

"व्हय."

त्यानं दाराकडं बघितलं. "त्यास्नी जमतंय व्हय, अक्का?"

माझ्या भांडणाचा भार त्याच्या अण्णाच्या अंगावर पडत होता, हे मला दिसत होतं. मी परत आत गेले. पण सुरी उचलली नाही. टेबलाशी उभी राहून म्हणाले, "तुमी करा. मी सांगतो कुठनं ते."

साहेब आत आले. हातमोज्यांचा खोका उघडला. एक काढला, बोटं घातली. अंगठ्याच्या पुढं जाईना. ओढला तर टर्रकन फाटला. दुसरा काढला, तोही फाटला. तिसरा हातात धरून त्यांनी खोक्यावरचा नंबर बघितला.

साडेसहा.

साहेबांचा हात मोठा. त्यांना आठ नंबर लागतो. त्या खोलीत अठरा वर्षं साडेसहाच येतो, कारण अठरा वर्षं त्या खोलीत एकच हात काम करतो. हे मला माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. हवालदार खोक्याकडं बघत होता, मग माझ्या हाताकडं.

शेवटी ऑपरेशनच्या खोलीतून आठ नंबरचे मागवले. साहेबांनी सुरी धरली. मी म्हणाले, "तिथनं न्हाय, जरा खालनं. दाबू नका. सावकाश." अठरा वर्षं मी बोलत होते आणि उंबऱ्यावरचे साहेब लिहीत होते. त्या दिवशी मी बोलत होते आणि साहेब कापत होते. लिहायला कोणी नव्हतंच. त्यांच्या मानेवरून घाम गळत होता. मला आनंद झाला नाही. त्या माणसाच्या अंगावर वेडीवाकडी रेघ उमटत होती.

संपल्यावर साहेब हात धुवायला बाहेर पळाले. मग मी सुई घेतली. ते माझं काम म्हणून नाही, त्या भावासाठी. घरी नेल्यावर अण्णाला अंघोळ तोच घालणार होता. वाकळ शिवताना घालते तसे बारीक टाके घातले, अंग पुसलं, केस विंचरले. भाऊ आत आला, त्यानं बघितलं, माझ्या पायाकडं वाकला. मी त्याला मधेच धरलं. आमच्यापुढं कुणी वाकत नाही, मला ते सोसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला. "सोमवारपासनं येऊ नगंस." कारण सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

अर्ज मी पाठवला. झाडलोटीचं प्रमाणपत्र जोडलं नाही. अनुभवाच्या रकान्यात पोरीच्या अक्षरात आधीचीच ओळ होती, एक शब्द बदलला नाही. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: आवश्यक प्रमाणपत्र नसल्यानं अपात्र. पोरगी रडली. मी नाही. ती जागा मला हवी होती. खूप हवी होती. नकाशातला तो नळ अजून डोळ्यांपुढं येतो.

आता माझा दुसरा अर्ज गेलाय, माहितीच्या अधिकारात. त्यात एकच गोष्ट विचारली आहे: पोस्टमार्टेमच्या खोलीला गेल्या अठरा वर्षांत कुठल्या कुठल्या नंबरचे हातमोजे दिले? त्याची नोंद भांडारात असते. दर वेळी नंबरासकट लिहितात, मी स्वतः सही करून खोके आणले आहेत. भांडाराच्या क्लार्कनं घरी येऊन सांगितलं, "मावशी, कशाला नादाला लागतीस? दोन महिन्यांनी परत घेतील तुला." तो उंबऱ्याबाहेर उभा राहून बोलत होता. मी त्याला आत ये म्हणाले नाही.

परत घेतीलही. त्यांना माणूस मिळत नाही, मला माहीत आहे. कॉलेज उभं राहील, पोरं येतील, पांढरे कोट घालतील. त्यांच्यापुढचा पहिला देह कुणाला तरी उघडावा लागेल. बोलावणं आलं तर मी जाईन. आधी कागद मागेन. त्यावर मी जे करते तेच लिहिलेलं पाहिजे, माझ्या नावासकट. आणि साहेब उंबऱ्याच्या आत पाहिजेत.

'व्हय' एकदा म्हणून झालं. आता सुरी धरली तर माझ्या नावानं धरीन. नाहीतर तिथला झाडूसुद्धा उचलणार नाही.