आमच्या नावावर तोडलेलं जांभूळ

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितोय.

आमचा डोंबिवलीतला ग्रुप दर रविवारी जमतो आणि ओल्या लाकडाचे चमचे, डाव कोरतो. लाकूड फक्त पडलेल्या किंवा छाटलेल्या फांद्यांचंच घ्यायचं, हा नियम आहे.

आज एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला, "लाकूड घेऊन जा." मी आणि ग्रुपमधली दीपा गेलेलो. बघतो तर अख्खं हिरवंगार जांभूळ पार्किंगसाठी आडवं केलेलं.

"चांगलं झाड का पाडलंत?" मी सेक्रेटरींना विचारलं.

"अहो, वाया कुठे जातंय? तुमचे चमचे होतील की."

तळमजल्यावरच्या काकू खिडकीतूनच बोलल्या, "मीटिंगमध्ये झाड पाडायला यांनी तुमचंच नाव पुढे केलं. लाज नाही वाटत तुम्हाला?"

"काकू, आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

त्यांनी माझ्या मागे बोट दाखवलं. दीपाने करवत चालवायला घेतली होती. "झाड तर गेलंच रे," ती म्हणाली, "लाकूड कशाला सोडायचं?"

मी तसाच निघून आलो. दुपारी तिने ग्रुपवर ओंडक्यांचा फोटो टाकला आणि सगळ्यांनी अंगठे दिले. सेक्रेटरीपेक्षा मला आमचाच राग येतोय.

रविवारी तेच लाकूड कोरायचंय. तुम्ही बसला असतात का?