काचेवरची पट्टी

ऑफिसात तिला सगळे ट्रेसरबाई म्हणत. दुसऱ्याने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि तो शाईने जसाच्या तसा उतरवायचा, हे तिचं काम. त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शाईचा थेंब पडलाच तर ब्लेडने असा अलगद खरवडायची की कागदालाही पत्ता लागू नये. नकाशाच्या कोपऱ्यात नावांची चौकट असते, कोणी आखलं आणि कोणी तपासलं. आखणाऱ्याच्या जागी पेन्सिलवाल्याचं नाव, तपासणाऱ्याच्या जागी साहेबांची सही. उतरवणारीसाठी तिथे रकानाच नव्हता, आणि असावा असं तिलाही कधी वाटलं नव्हतं.

मग एक दिवस साहेबांनी बोलावलं.

"बाई, ड्रॉइंग बोर्ड काढून टाकतोय. आता सगळं कॉम्प्युटरवर. महिनाअखेर एक नकाशा एकट्यानं पूर्ण काढून दाखवा. नाही जमलं तरी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही. खाली जुन्या फायलींची खोली आहे, ती सांभाळा."

साहेब माणूस वाईट नव्हता, आपण उदारपणा दाखवतोय असंच त्याला वाटत होतं. पण त्या खोलीला खिडकी नव्हती. खाली गेलेल्या माणसाला वरची माणसं जिना चढेपर्यंत विसरतात, हे ट्रेसरबाईने पाहिलं होतं. जिने उभा जन्म रेषा ओढल्या तिला धूळ झटकायला बसवायचं, यात उदारपणा कुठला ते साहेबच जाणे.

घरी आधी मुलगा शिकवायला बसला, आणि दुसऱ्याच संध्याकाळी "आई, किती वेळा सांगू" वर आला. याला बुटाची नाडी बांधायला शिकवताना तिने एकदाही आवाज चढवला नव्हता. ती उठून कणीक मळायला गेली.

सून एका फर्निचरवाल्याकडे स्वयंपाकघरांची कपाटं कॉम्प्युटरवर आखायची. सासू-सुनांचं तसं पटत होतं, म्हणजे दोघी एकमेकींच्या वाटेला जात नव्हत्या. ती मागून आली आणि म्हणाली, "आई, मी शिकवू? मी ओरडणार नाही. मीच घाबरते तुम्हाला."

ट्रेसरबाईला हसू आलं, आणि शिकवणी सुरू झाली.

माउस ती पेनासारखा चिमटीत धरायची. रेघ ओढून झाली की हात अधांतरी उचलून थांबायची. पहिल्यांदा सुनेला वाटलं, काही विसरल्या असतील.

"का थांबलात, आई?"

"वाळू दे की गं."

हसण्यात सून अशी वाकली की खुर्ची मागे सरकली. मग सासूही हसली, पण हात काही लगेच खाली ठेवला नाही. सवय ती सवय.

हळूहळू रेघा जमल्या, कोपरे जुळले. तेव्हा सुनेने अभ्यास दिला, आपलंच स्वयंपाकघर काढा. सुट्टीच्या दिवशी ट्रेसरबाई सकाळपासून बसली. दुपारी सून कामावरून आली तर सासूबाई चष्मा कपाळावर चढवून लॅपटॉपच्या काचेवर आपली जुनी मोजपट्टी टेकवून बसलेल्या.

"हे यंत्र खोटं बोलतं," सासू म्हणाली. "मघाशी भिंत तीन सेंटिमीटर होती, आता सात झाली. मी काही केलं नाही, नुसतं ते माउसवरचं चाक फिरलं. सकाळपासून हेच चाललंय. मला नाही जमायचं हे, मी आपली फायलींच्या खोलीत जाते."

सुनेच्या ओठावर आलेलं हसू तिथेच थांबलं. सासूच्या डोळ्यांत पाणी तिने आजवर पाहिलं नव्हतं.

"आई, भिंत केवढी काढलीत तुम्ही?"

"तीन सेंटिमीटर. शंभराला एक, कागदावर काढतो तशी."

"आपली भिंत तीन सेंटिमीटर आहे?"

"खुळी का तू? तीन मीटर आहे."

"मग तीन मीटर काढा."

"एवढ्याशा काचेत?"

सुनेने टेप आणली आणि एक टोक सासूच्या हातात दिलं. दोघींनी भिंत मोजली. "आत सगळं खऱ्या मापाचं असतं," ती म्हणाली. "लहान करायचं ते कागदावर छापताना, आणि ते आपण सांगू तसं यंत्र करतं. टाका, तीन हजार मिलिमीटर."

ट्रेसरबाईने आकडे दाबले. रेघ सर्रकन काचेबाहेर गेली.

"पळाली."

"पळाली नाही. आपण फार जवळ उभ्या आहोत. चाक फिरवा, मागे या."

चाक फिरलं आणि अख्खी भिंत काचेत आली. ट्रेसरबाई बराच वेळ चाक पुढेमागे करत राहिली. "म्हणजे भिंत तेवढीच राहते," ती म्हणाली. "मीच लांबजवळ होते." आयुष्यभर तिने घरं काढली ती चिमुकली करून. खऱ्या मापाची भिंत पहिल्यांदाच काढत होती, तीही स्वतःच्या घरची, आणि तिला फार आनंद झाला.

मग दोघींनी सगळं मोजून काढलं. ओट्यावरच्या फळीशी सून थांबली. "ही मला रोज डोक्याला लागते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"घाबरते म्हटलं ना."

फळी आधी नकाशात वर सरकली, आणि पुढच्या सुट्टीला मुलाला स्टुलावर चढवून भिंतीवरही.

महिनाअखेर साहेबांनी एका छोट्या दवाखान्याचं काम दिलं. ट्रेसरबाईने ते एकटीने काढलं, छापलं, कागदावर पट्टी ठेवून मोजलं आणि मग टेबलावर नेलं. साहेबांनी एक दार उलट्या बाजूला उघडतंय म्हणून लाल खूण केली. पूर्वी अशी खूण म्हणजे ब्लेडने खरवडत बसणं. आज तिने जागेवर जाऊन दार उलटवलं आणि नवा कागद आणून ठेवला. साहेबांची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. आखणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं. तपासणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं: सूनबाई.

"हे कोण?"

"आमच्या घरचे साहेब."

"इथे माझी सही लागते, बाई."

"बदलते की. आधी ही एक प्रत मला घरी न्यायचीय."

साहेब हसले. "न्या. आणि उद्यापासून तो खिडकीजवळचा कॉम्प्युटर तुमचा."

संध्याकाळी तिने तो कागद सुनेपुढे जेवणाच्या टेबलावर अंथरला. सुनेने कोपरा वाचला आणि ती उठली. आत जाऊन लाल पेन आणि सासूची पट्टी घेऊन आली. सही करून मोकळी होईल असं सासूला वाटलं होतं, पण नाही. तिने एकेक भिंत मोजली, एकेक दार पाहिलं. सासू समोर हात बांधून उभी, शाळेतल्यासारखी.

"काही चुकलंय का गं?"

"थांबा, आई," सून म्हणाली, आणि शेवटची भिंत मोजून तिने आपल्या रकान्यात सही केली. मग पेन खाली ठेवलं आणि कागदाला हात लावू दिला नाही.

"वाळू द्या की, आई."