एकच नाव लिहावे

गेल्या महिन्यात मोखाड्याला आम्हा अंगणवाडी सेविकांची बैठक चालू होती आणि माझा फोन वाजला. किसन होता, माझा चुलतभाऊ. "ताई, आय गेली," एवढंच म्हणाला. मी पिशवी उचलली. समोरच्या मॅडमनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, आई. शेजारची सेविका दचकली. "अगं, तुझी आई परवा जव्हारच्या बाजारात भेटली मला! चांगली ठणठणीत होती." मी म्हटलं, "ती आहेच. ही दुसरी." आणि चालू पडले. लोकांना काय वाटायचं ते वाटो.

यमुनाकाकी म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. मी दीड वर्षाची असताना आईवडील भिवंडीकडं वीटभट्टीवर जगायला गेले... आमच्याकडं कामाला गेले म्हणत नाहीत, जगायला गेले म्हणतात. भट्टीच्या धुळीनं मला खोकला लागायचा, म्हणून काकीनं मला साखरशेतला ठेवून घेतलं. किसन तेव्हा अंगावर पीत होता. एका बाजूला तो, एका बाजूला मी. "तुला डावीच लागं," काकी सांगायची, "उजवीला लावली तं चावं, माझी माय!" शिमग्याला आई परत आली, तर मी तिच्याकडं जाईना. काकीच्या लुगड्याला धरून बोंब ठोकली म्हणे. आई काही रडली नाही. दोघी जावा चुलीपाशी बसून हसल्या आणि आईनं तांदूळ निवडायला घेतले. चार दिवसांत मी दोघींच्याही मांडीवर लोळत होते.

हे सगळं अंगात असूनही मी एकदा फसले. माझी मुलगी अकरा महिन्यांची होती. नवरा जव्हारला कारकून, त्यामुळं खोली जव्हारात. मी रोज साखरशेतच्या अंगणवाडीत येणार आणि पोरगी दिवसभर काकीच्या पाठीवर. तेव्हा आम्हाला एक प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या बाईंनी आई आणि मूल यांचा बंध कसा ओळखायचा ते शिकवलं. आईनं खोलीबाहेर जायचं आणि मूल किती रडतं ते बघायचं. प्रयोगाला माझीच पोरगी घेतली. मी बाहेर गेले. रडणं दूरच, बाईसाहेब रांगत रांगत दुसऱ्या सेविकेच्या मांडीवर चढल्या आणि तिच्या मण्यांशी खेळत बसल्या! शिकवणाऱ्या बाई माझ्याशी गोडच बोलल्या. "ताई, बंध थोडा कच्चा आहे. एकाच माणसाची सवय लावा." मी एसटीत तोंडावर पदर घेऊन रडले.

दुसऱ्या दिवशी काकीला म्हटलं, "आता तिला कुणाकडं देऊ नकोस. तूही घेऊ नकोस. माझीच सवय लागू दे." काकीनं पाठीवरची गाठ सोडली, पोरगी माझ्या हातात दिली आणि लुगडं घडी करत राहिली. जिचं दूध पिऊन मी वाढले, तिला मी हे बोलले... आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

आठ दिवस पोरगी किंचाळत राहिली. नवव्या दिवशी मला ताप भरला, अंगणवाडी बंद पडली. दुपारी दारात काकी उभी. साखरशेतहून जव्हारपर्यंत चालत आली होती, काखेत तेच लुगडं. पोरगी तिच्याकडं झेपावली. काकीनं तिला पाठीला बांधलं, मला पेज दिली आणि मग बोलली, "तू बाहेर गेली तं ती रडली नाय. कशाला रडंल? खोलीत बाया होत्या ना! तिला ठावं हाय, बाई हाय तिथं मांडी हाय." पाठीवरच्या पोरीला थोपटत म्हणाली, "त्या बाईला इचार, तिचं पोर किती मांड्यांवर जातं. एकच? मंग ती आजारी पडली तं पोरानं जायचं कोठं?"

मी विचारलं, पुढच्याच प्रशिक्षणात, सगळ्यांसमोर. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. आमच्याकडच्या आयांना मुलांचं काही नसतं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. वावर गावाकडं भुकेनं पोरं दगावली तेव्हाही बोलणारे आयांनाच बोलले. घरात दाणा नव्हता हे सोडून सगळं बोलले. आता म्हणे बंध कच्चा! काकीची ती कच्ची नात आज दहावीला आहे. काकीच्या दिवसांना तिनं आलेल्या बायांची चार पोरं सांभाळली, कुणी सांगितलं नव्हतं.

काकीचं ते हिरवं लुगडं अंगणवाडीतच आहे. त्याची झोळी केली आहे आणि सध्या तिच्यात मंगलचं सात महिन्यांचं पोर झोपतं. मागच्या आठवड्यात वरून नवा तक्ता आला. 'बालकाचा मुख्य सांभाळकर्ता, एकच नाव लिहावे.' मंगलला विचारलं, तर ती बोटांवर मोजायला लागली, "सकाळी मी, मंग सासू, ती आवणीला, भात लावाया गेली तं जाव, आन दुपारी तूच की!" मी चारही नावं लिहिली. तक्ता परत आला, तीन नावांवर लाल रेघ मारून.

काकीला मी 'चुकलं माझं' असं कधी म्हणाले नाही. तिनं पोरगी पाठीला बांधली तेव्हाच म्हणायला हवं होतं, तापात राहून गेलं, नंतर धीर झाला नाही. काल नवा तक्ता घेतला. तीच चार नावं पुन्हा लिहिली आणि खाली पाचवं, यमुना. पोर अजून तिच्याच लुगड्यात झोपतं. तक्ता परत आला तर पुन्हा लिहीन.